चौलच्या रेघा, एदोचं वस्त्र

जपानी भाषेच्या मोठ्या शब्दकोशांत 'चाउ-जिमा' अशी एक नोंद सापडते. तिचा मजकूर साधारण असा असतो: पातळ, हलकं, रेघांचं रेशमी कापड, मूळ भारतातल्या चौलचं, पोर्तुगीजांनी जपानात आणलं, तेन्ना काळात, म्हणजे १६८१ ते १६८४ या वर्षांत, क्योतोच्या विणकरांनी ते स्वतःच्या मागावर काढलं, हाकामासाठी वापरत. हाकामा म्हणजे किमोनोवरून कमरेला बांधायचं घोळदार, चुणीदार वस्त्र, सामुराईच्या इभ्रतीचं. आणि चौल म्हणजे आपलंच. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागणारं, नारळी-पोफळीच्या वाड्यांचं चौल.

ही नोंद एकटी नाही. आजच्या चेन्नईतल्या मैलापूरला पोर्तुगीज सांव तोमे म्हणत. त्या बाजूनं आलेलं सुती कापड झालं 'सान्तोमे-जिमा'. बंगालचं झालं 'बेंगारा-जिमा'. 'शिमा', जोडशब्दात 'जिमा', म्हणजे रेघ, आणि 'शिमा' म्हणजे बेटही. दक्षिणेच्या बेटांवरून आलेला माल म्हणून रेघांच्या कापडाला हे नाव पडलं, असं जपानी लेखक सांगत आले आहेत. व्युत्पत्तीचा वाद पंडितांनी घालावा. बंदरांची नावं मात्र वादातीत आहेत.

एदोकालीन जपान म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो गडद निळ्या किंवा करड्या किमोनोवर बारीक उभ्या रेघांचा पेहराव. चित्रांतल्या गणिका, काबुकीतले नट, दुकानातले कारकून, सगळ्यांच्या अंगावर त्याच रेघा. परदेशी पाहुण्याला अस्सल जपानी वाटतं ते हेच, आणि जपान्यांनाही वाटतं. त्या रेघांची कुळी शोधत मागे मागे गेलं की आपण शेवटी हिंदी महासागराच्या काठाला लागतो. एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, राज्य करणाऱ्या तोकुगावा शोगुन या लष्करी सत्ताधीशांच्या १६०३ ते १८६८ या राजवटीला 'बंद देश' म्हणायची सवय शाळेच्या पुस्तकांनी सगळ्या जगाला लावली आहे. या कापडाकडे पाहिलं तर ती सवय सोडावी लागते.

आधी चौलबद्दल. १४६९च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला होता. १५२१ साली पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला, तेव्हापासून दोन चौलं झाली: खाडीच्या तोंडाशी फिरंग्यांचं आणि आत निजामशाहीचं. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहानं कोटाला महिनोन्महिने वेढा घातला, तो फसला, आणि दोन्ही बाजू पुन्हा व्यापाराला लागल्या. १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेला डच लिन्सखोतेन लिहितो की चौलला तऱ्हेतऱ्हेचं रेशमी कापड भरपूर विणतात, आणि त्यासाठी कच्चं रेशीम चीनमधून येतं. पुढे फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल यानंही चौलच्या रेशमाची आणि तिथल्या कारागिरांची वाखाणणी केली. चीनचा धागा कोकणात यायचा, इथले विणकर त्याचं कापड करायचे, आणि ते गोव्याच्या व्यापारातून पुन्हा पूर्वेकडे निघायचं. आज 'जागतिक पुरवठा साखळी' म्हणून जे मिरवलं जातं, ते सोळाव्या शतकात रेवदंड्याच्या खाडीत चालू होतं.

गोव्याहून जपानला जाणारं मोठं जहाज मलाक्का आणि मकाऊ करत नागासाकीला पोचायचं. १५७१ पासून नागासाकी हे त्याचं ठरलेलं बंदर झालं. जाऊन येऊन दोन-तीन वर्षं मोडत. नफा मुख्यतः एकाच गोष्टीत होता: मकाऊहून चिनी कच्चं रेशीम न्यायचं आणि बदल्यात जपानी चांदी आणायची. इवामीच्या खाणींतून तेव्हा चांदी नुसती वाहत होती. भारतीय कापड या मालात थोडंच असे, नजराण्याच्या आणि हौसेच्या सदरातलं. हे सांगायलाच हवं, नाहीतर कोकणप्रेमापोटी चौलचा वाटा फुगवल्यासारखं होईल. पण थोडकं असल्यामुळेच ते मोठ्यांच्या हाती गेलं. तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाचा एक लढाईत घालायचा अंगरखा क्योतोच्या कोदाइजी मंदिरात आहे. तो चक्क इराणी सतरंजी कापून शिवलेला आहे. परदेशी कापड अंगावर असणं हे त्या काळच्या सरदारांत शौर्याइतकंच मिरवायचं लक्षण होतं. याच हिदेयोशीला गोव्याच्या व्हाइसरॉयनं १५८८ साली पत्र लिहिलं. जेझुइट वालिन्यानोनं ते १५९१ मध्ये क्योतोला त्याच्या हाती दिलं. कडेला वेलबुट्टी काढलेलं, चर्मपत्रावरचं ते पत्र आज क्योतोच्या म्योहो-इन मंदिराकडे आहे आणि जपान सरकारनं त्याला 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून घोषित केलं आहे. गोव्यात लिहिलेला कागद दुसऱ्या देशाचा राष्ट्रीय ठेवा व्हावा, हे भाग्य आपल्या पुराभिलेखातल्या किती कागदांना लाभलं असेल!

पुढचा भाग सर्वांना ठाऊक असलेला. ख्रिस्ती धर्मप्रसाराची भीती वाढली, १६३९ मध्ये पोर्तुगीजांना बंदी झाली, आणि १६४० साली मकाऊहून विनवणी करायला आलेल्या वकिलातीतल्या ६१ जणांची नागासाकीत डोकी उडवली. १६४१ मध्ये डचांना हिरादोहून हलवून देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर बसवलं. बेट कसलं, जेमतेम पावणेचार एकराचा तुकडा. चिनी जहाजं नागासाकीला येत राहिली, त्सुशिमामार्गे कोरियाशी आणि सात्सुमामार्गे र्‍यूक्यूशी देवघेव चालू राहिली. दारं बंद नव्हती; प्रत्येक दारावर एक पहारेकरी आणि एक हिशेबनीस बसवला होता.

आपल्या जुन्या कागदांत डचांना वलंदेज म्हणतात. वेंगुर्ल्याला त्यांची वखार १६३७ पासून होती. पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. तिचं मुख्य काम गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या आरमाराला रसद पुरवणं हे होतं. जपानच्या कापडासाठी त्यांच्या महत्त्वाच्या वखारी सुरतेला, कोरोमंडलात पुलिकत, मच्छलीपट्टण आणि नागपट्टणमला, आणि बंगालात हुगळीला होत्या. तिथून तागे बाटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला जात. नैर्ऋत्येचा वारा धरून निघालेली जहाजं जुलै-ऑगस्टमध्ये नागासाकीला लागत, आणि जपानी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या विसाव्या दिवसापर्यंत त्यांनी नांगर उचलायचा, असा दंडक होता. परतीच्या जहाजांत तांब्याच्या कांड्या भरलेल्या असत. हे जपानी तांबं कोरोमंडलात आणि सुरतेत विकलं जाई. त्याचे पैसे पडत, भांडी होत. आपल्याकडचं कापड तिकडे आणि तिकडचं तांबं आपल्याकडे, मधला नफा वलंदेजांचा, असा हा सरळ मामला.

तागा जहाजावरून उतरला की लगेच बाजारात जात नसे. नागासाकीत कापड पारखणारे सरकारी लोक होते, 'तान्मोनो-मेकिकी' म्हणत त्यांना. पिढीजात काम. ते पोत बोटांनी चाचपत, धाग्याचा पीळ पाहत, किंमत ठरवत, आणि प्रत्येक मालाचा छोटा तुकडा कापून वहीत चिकटवून शेजारी नाव, संख्या, जहाजाचं वर्ष लिहून ठेवत. अशा नमुना-वह्या आज संग्रहालयांत आहेत. भारतीय कापडाच्या इतिहासाचं दुर्दैव असं, की आपलं कापड आपण वापरून, धुऊन, फाडून, शेवटी पोतेरं करून संपवलं. उष्ण दमट हवेनं आणि कसरीनं उरलेलं खाल्लं. अठराव्या शतकातल्या कोरोमंडलच्या एखाद्या विणीचा रंग नेमका कसा होता हे पाहायचं, तर नागासाकीच्या कारकुनानं डिंकानं चिकटवलेला तीन बोटांचा तुकडा पाहावा लागतो. मला तर त्या अनाम कारकुनांबद्दल मोठ्या प्रवाशांपेक्षा जास्त आदर वाटतो.

चांदी देशाबाहेर चालली म्हणून शोगुनच्या सरकारला घोर लागला. १६८५ साली वर्षाच्या व्यापारावर मर्यादा आली: चिन्यांना ६,००० कान्मे आणि डचांना ३,००० कान्मे चांदीइतकाच माल. एक कान्मे पावणेचार किलोचा, म्हणजे डचांच्या वाट्याला सव्वाअकरा टन चांदीची किंमत. १७१५ च्या नियमांनी डच जहाजं वर्षाला दोन केली. १७९० पासून एकच. मागणी वाढत होती आणि जहाजं घटत होती. अशा वेळी दोन गोष्टी होतात: असलेल्या मालाची पूजा सुरू होते, आणि नसलेल्याची नक्कल.

पूजेचं ठिकाण म्हणजे चहाचा समारंभ. चहाची पूड ठेवायची छोटी बरणी, तिला घालायची पिशवी, भांडं पुसायचा किंवा गुंडाळायचा रुमाल: यासाठी वीतभर कापड पुरतं, आणि वीतभर कापडाला इतकं नाव मिळवून देणारा दुसरा समाज मला माहीत नाही. परदेशी विणीच्या तुकड्यांना माणसांसारखी नावं पडली. रेघांच्या आणि चौकडीच्या प्रकाराला 'कान्तो' म्हणत. त्यातला 'योशिनो कान्तो' सगळ्यात रंगेल. क्योतोचा धनाढ्य व्यापारी हाइया शोएकी यानं योशिनो या नामांकित गणिकेला तो दिला, अशी कथा सांगतात. दोघंही खरी माणसं. शोएकीनं तिला गणिकावस्तीतून सोडवून तिच्याशी लग्न केलं. मात्सुएचा सरदार मात्सुदायरा फुमाई यानं १७८९ ते १७९७ या काळात चहाच्या प्रसिद्ध वस्तूंची सचित्र सूची काढली, तिच्यात अशा कापडांना स्वतंत्र जागा दिली. हिकोनेच्या इइ घराण्यानं चिटेचे साडेचारशेच्या आसपास तुकडे जमवले. ते आता तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'हिकोने सारासा' म्हणून आहेत. 'सारासा' म्हणजे भारतीय चीट, फुलापानांचं रंगवलेलं किंवा छापलेलं सुती कापड. इकडे आपण चीट म्हणजे गादीच्या खोळीचं किंवा परकराचं स्वस्त कापड समजत आलो. तिकडे त्याच्या तंबाखूच्या बटव्यावर पुरुष जीव टाकत.

आता नक्कल. मला या साऱ्या मागोव्यात खरा पेच वाटतो तो इथे. जहाजातून चीट आली तशी रेघही आली. दोन्हींची जपान्यांना भुरळ पडली, दोन्हींची नक्कल झाली. पण रेघ जपानी होऊन गेली आणि चीट शेवटपर्यंत पाहुणीच राहिली. असं का?

उत्तर रंगाऱ्याच्या भट्टीत आणि विणकराच्या मागावर आहे. कोरोमंडलची चीट म्हणजे रसायनशास्त्र होतं. कापड आधी हिरड्यासारख्या तुरट पदार्थात आणि दुधात भिजवायचं, मग तुरटीचं आणि लोखंडाचं द्रावण कलमानं किंवा ठशानं नक्षीच्या जागी लावायचं, मग मुळांच्या लाल रंगात उकळायचं. द्रावण जिथे लागलं तिथेच रंग पक्का बसतो, बाकीचा धुऊन जातो. हे ज्ञान पिढ्यांचं, हातातलं, आणि तिथल्या पाण्याचं, मुळांचं. जपानी कारागिरांजवळ ते नव्हतं. १७७८ मध्ये चिटेच्या नक्ष्या दाखवणारं 'सारासा बेन्रान' हे पुस्तक निघालं, १७८१ आणि १७८५ मध्ये आणखी निघाली. साकाई, क्योतो, नागासाकी, सागाचं नाबेशिमा घराणं, सगळ्यांनी प्रयत्न केले. जपानी कारागिरांनी कागदी साचे कापले, आणि ते या कलेत निष्णात. सोयाबीनच्या रसात मिसळलेले रंग ब्रशनं भरले. दिसायला देखणं, पण बरंचसं धुण्याला न टिकणारं. चीट अंगभर वापरायचं कापड झालं नाही. अस्तर, बटवा, गुंडाळणी, इतपतच राहिली.

रेघेचं तसं नाही. रेघ ताण्यातच असते. मागावर उभे धागे लावताना अमुक निळे, मग दोन पांढरे, मग पुन्हा निळे, एवढं मोजता आलं की रेघ आपोआप उतरते. तिला हिरडा लागत नाही, तुरटी लागत नाही, ठसा लागत नाही. लागतो कापूस, निळीचं पिंप आणि मोजणारी बाई. सतराव्या शतकाच्या अखेरीस या तिन्ही गोष्टी जपानच्या खेड्यांत हव्या तेवढ्या होत्या.

कापूस जपानात उशिरा आलेला. त्याआधी सामान्यांचं अंगावरचं कापड म्हणजे तागाच्या जातीचं, हिवाळ्यात निरुपयोगी. सोळाव्या-सतराव्या शतकांत ओसाकाच्या आसपास आणि मिकावा, ओवारी या भागांत कापसाची शेती पसरली. पीक जमिनीचा कस पिऊन टाकणारं. त्याला खत लागे सुकवलेल्या तारल्यांचं. त्यासाठी पूर्व किनाऱ्यावर कुजूकुरीची मासेमारी वाढली. निळीसाठी शिकोकू बेटावरच्या आवा प्रांतात शेतं उभी राहिली आणि तिथल्या हाचिसुका सरदारांची तिजोरी त्या निळीवर भरली. म्हणजे एका रेघेमागे मासे, नीळ, कापूस, बोटी आणि ओसाकाचे अडते असा सगळा संसार उभा होता.

कायद्यानंही रेघेचीच बाजू घेतली, नकळत. १६२८ पासून शेतकऱ्यांनी सुती आणि तागाचंच कापड घालावं असं फर्मान होतं. पुढे शहरातल्या व्यापाऱ्यांच्या भरजरी कपड्यांवरही वेळोवेळी बंधनं आली: भडक रंग नको, जर नको, टिक्क्यांचं भारी काम नको. पैसा हातात आहे आणि दाखवायची सोय नाही, अशा माणसानं काय करावं? त्यानं करड्याच्या आणि तपकिरीच्या छटा काढल्या. अठ्ठेचाळीस तपकिरी आणि शंभर करडे, अशी तिकडे म्हणच आहे. आणि त्यानं रेघा बारीक केल्या. सुती, निळी, साधी रेघ: कुठल्या तपासनिसाला बोट ठेवता येणार? जाणकाराला मात्र दहा पावलांवरून कळे की हा धागा घरचा की जहाजावरचा.

चौलच्या कापडाची नक्कल क्योतोला झाली ती वरच्या थरासाठी, रेशमातच. 'चाउ' विणलं ते हाकामासाठी. सान्तोमेची नक्कल मात्र खेड्यापाड्यांत उतरली. देशी मालाला 'वा-सान्तोमे', खऱ्या आयातीला 'तो-सान्तोमे' म्हणू लागले, आणि त्याचंच पुढे 'तोझान' झालं. 'तो' म्हणजे समुद्रापलीकडचं. ओवारी आणि मिनो प्रांतांतल्या बायकांनी सान्तोमे इतकं विणलं की ते कुठल्या किनाऱ्याचं नाव आहे हे विणणारीला ठाऊक असायचं कारणच उरलं नाही.

या बायकांनी ठेवलेल्या 'शिमा-चो', म्हणजे रेघांच्या वह्या, मला नागासाकीच्या सरकारी वह्यांहून मोठा ठेवा वाटतात. दुकानाची जुनी चोपडी घ्यायची, तिच्या लिहिलेल्या पानांवर आपल्या मागावर उतरलेल्या प्रत्येक कापडाचा तुकडा डकवायचा. शेजारणीनं काही नवं विणलं तर तोही मागून आणायचा. शेकडो तुकडे, कधी तारीख, कधी कुणाचं नाव, बहुधा काहीच नाही. मुलगी सासरी निघाली की वही बरोबर, सून आली की वही तिच्या हाती. गावाच्या एका वहीत निळ्याच्या किती तऱ्हा आणि रेघांच्या किती चाली! आपल्याकडे रांगोळीच्या वह्या ज्या घरांत जपल्या गेल्या, त्या घरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

शहरात या कापडाला बाजार मिळाला तो नव्या पद्धतीच्या दुकानांमुळे. १६७३ मध्ये मित्सुई ताकातोशीनं एदोत एचिगोया हे कापडाचं दुकान काढलं. त्याआधी कापडवाले बड्यांच्या वाड्यावर माल घेऊन जात, उधारीवर देत, भाव माणूस पाहून सांगत. मित्सुईनं पाटी लावली: रोखीचा व्यवहार, एकच भाव. शिवाय पूर्ण ताग्याऐवजी हवं तेवढं कापून मिळेल. इहारा सायकाकु या कादंबरीकारानं १६८८ च्या पुस्तकात या दुकानाचं वर्णन केलं आहे, कुठल्या कारकुनाकडे कुठलं कापड इथपर्यंत. पहिल्यांदाच हमालाच्या बायकोला ओढणीपुरतं चांगलं कापड घेता आलं. तेच दुकान आज मित्सुकोशी या नावानं चालतं.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून रेघ उभी झाली. त्याआधी नो नाटकांच्या पोशाखांत किंवा जुन्या चित्रांत आडवे जाड पट्टे अधिक दिसतात. उभ्या रेघेनं माणूस उंच, सडपातळ, जरा अलिप्त दिसतो, आणि एदोच्या व्यापारी पेठांना नेमकं तेच हवं होतं. त्या अलिप्त झोकाला ते 'इकी' म्हणत. काबुकीतल्या नटांनी आपापल्या रेघा आणि चौकड्या ठरवून घेतल्या. चाहते त्या विकत घेत. सानोगावा इचिमात्सु या नटानं १७४१ मध्ये रंगभूमीवर घातलेली चौकडी त्याच्याच नावानं चालू राहिली, आणि तोक्योच्या २०२० च्या ऑलिंपिक बोधचिन्हात तिचंच रूप होतं. लाकडी ठशांवरून छापलेली उतामारो या चित्रकाराची चित्रं पाहताना चेहऱ्याकडे लक्ष जातं. खरं तर कौतुक करायचं ते लाकडावर केसाएवढ्या समांतर रेघा कोरणाऱ्या कारागिराचं.

१९३० साली कुकी शूझो या तत्त्वज्ञानं 'इकी'ची घडण उलगडणारा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते सगळ्या नक्ष्यांत उभी समांतर रेघ सर्वाधिक 'इकी': दोन रेघा जवळून चालतात आणि कधीच मिळत नाहीत, अंतर राखून ओढ टिकवणाऱ्या स्त्री-पुरुषासारख्या. विवेचन सुंदर आहे. पण कुकीचं लक्ष रेघेच्या रूपाकडे आहे, तिच्या प्रवासाकडे नाही; आणि ग्रंथाचा रोख असा, की हा भाव खास जपानी अनुभवातूनच समजावा. मद्रासच्या किनाऱ्यावरच्या विणकराला त्यात एका तळटीपेपुरती जागा मिळायला हरकत नव्हती.

कारण गंमत अशी, की घरची रेघ गल्लोगल्ली मिळू लागली तसा खऱ्या तोझानचा भाव चढला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोचे शौकीन जहाजावरच्या तोझानचा अंगरखा मिळवण्यासाठी वाटेल ते मोजत. गडद निळी जमीन, तिच्यात लाल, फिकट पिवळी किंवा पांढरी बारीक रेघ. सूत इतकं तलम आणि पीळदार की सुती असून रेशमासारखी झाक. १८४१ ते १८४३ मध्ये शोगुनचा मुख्य मंत्री मिझुनो तादाकुनी यानं चैनीवर पुन्हा वरवंटा फिरवला, तरी शौक गेला नाही.

उलट्या दिशेचाही एक फेरा सांगितला पाहिजे. डच वखारीचा प्रमुख दरबारी हजेरीसाठी एदोला जाई, तेव्हा शोगुनकडून त्याला कापूस भरलेले रेशमी झगे भेट मिळत. हॉलंडमध्ये पंडितांना आणि सावकारांना ते घरात घालायला इतके आवडले की पुरेनात. मग तसेच झगे कोरोमंडलात चिटेचे शिवून घेतले जाऊ लागले. नाव 'जपानी झगा', कापड आंध्र-तमिळ किनाऱ्याचं, घालणारा ॲमस्टरडॅमचा वकील.

१८५९ मध्ये योकोहामा बंदर खुलं झालं आणि इंग्लंडचं यंत्रावरचं सूत आलं. तोक्योजवळच्या कावागोए गावच्या व्यापाऱ्यांनी ते तलम सूत घेऊन तोझान विणवलं आणि स्वस्तात विकलं. 'कावागोए-तोझान' म्हणून ते गाजलं. म्हणजे भारतीय हातमागाच्या कापडाची जपानी नक्कल, आणि तीही मँचेस्टरच्या सुतात. त्याच सुतानं इकडे आपल्या कोष्ट्यांचं काय केलं ते सांगायला नको.

यानंतर गोष्ट पुन्हा आपल्या दाराशी येते. १८८०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांचं सूत जपानात खपत होतं. मग ओसाकाला गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्यांना सूत नको, कापूस हवा झाला. नोव्हेंबर १८९३ मध्ये निप्पोन यूसेन या कंपनीनं टाटांशी हात मिळवून कोबे-मुंबई जहाजं सुरू केली. पी ॲण्ड ओ या इंग्रजी कंपनीची मक्तेदारी मोडायला. १८९६ मध्ये जपाननं परदेशी कापसावरची जकातच उठवली आणि तारल्यांच्या खतावर वाढलेली तिथली कापसाची शेती बसली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाच्या गासड्या ओसाकाला जाऊ लागल्या, आणि त्यांचं कापड होऊन परत येऊ लागलं. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारनं जपानी कापडावरची जकात ७५ टक्के केली, जपानी गिरणीवाल्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला, आणि १९३४ मध्ये करार होऊन दोघं पुन्हा व्यापाराला लागले.

आणि चौल? १६७०च्या आसपास इंग्रजांनी मुंबई वसवताना चौलच्या विणकरांना तिकडे बोलावून घेतलं. १७४० मध्ये, वसईच्या पाठोपाठ, रेवदंडा मराठ्यांकडे आलं. तोवर बंदराचा जोर ओसरला होता आणि खाडीतला गाळ वाढत होता. रेवदंड्यात निकितिनच्या नावाचा स्तंभ आहे, कोर्लईचा किल्ला पाहायला गर्दी असते. तिकडे जपानात, चिबा प्रांतातल्या तातेयामाला एका घराण्यानं हातमागावरचं तोझान चालू ठेवलं आणि प्रांतानं त्याला सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. लग्नात नवरदेव आजही घालतो तो हाकामा उभ्या रेघांचा असतो.

क्योतोला जायचा योग आला तर जुलै निवडा. गिओन उत्सवाची १७ तारखेची मोठी मिरवणूक सगळेच पाहतात. तिच्यातल्या आणि नंतरच्या दुसऱ्या मिरवणुकीतल्या रथांच्या अंगावर जे गालिचे रूढीनं चढत आले, त्यांतले काही अभ्यासक दख्खनचे मानतात. पण २४ तारखेलाही थांबा. त्या दिवशीच्या दुसऱ्या मिरवणुकीत मिनामी-कान्नोन-यामा हा रथ निघतो. त्याच्या पेटाऱ्यात एक भारतीय चीट आहे, १६८४ साली अर्पण केल्याची नोंद असलेली. जुनी वस्त्रं आता बहुतेक जपून ठेवतात आणि मिरवणुकीत नव्या प्रती लावतात, तेव्हा रथ ओढला जाताना मूळ कापड दिसेलच असं नाही. आदल्या संध्याकाळी रथांच्या गल्ल्यांत मंडळं आपापला ठेवा मांडून बसतात. तिथे जा आणि विचारा. भारतातून आलो म्हणून सांगा.